‘टोनवर काम करायला हवं’

दोन फॉर्म आहेत. ऑफिसच्या ड्राइव्हवर कुठेतरी पडलेत, पण त्यातली वाक्यं मला पाठ झालीयेत. दोन्ही मीच भरलेले, दोन्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींचे, मधे साधारण दीड वर्षाचं अंतर. पहिलीबद्दल मी लिहिलंय की केस कॉन्फरन्समधे सिनियर लोकांना थांबवून क्लायंटची बाजू मांडते, ॲडव्होकसीची उत्तम जाण, पाचपैकी पाच. दुसरीबद्दल लिहिलंय की टीम मीटिंगमधे मधेच बोलते, टोनवर काम करायला हवं, पाचपैकी दोन.

पहिली गोरी, दुसरी ब्लॅक. आणि दोघींनी केलं काय होतं, तर अक्षरशः एकच गोष्ट.

थोडं सांगते, नाहीतर कळणार नाही. मी अमेरिकेत एका फॅमिली सर्व्हिसेस एजन्सीत काम करायचे आणि जवळच्या स्कूल ऑफ सोशल वर्कची फिल्ड इन्स्ट्रक्टर होते. म्हणजे त्यांचे विद्यार्थी आमच्याकडे प्लेसमेंटला येणार, मी आठवड्यातून एक तास सुपरव्हिजन देणार, त्यांची प्रोसेस रेकॉर्डिंग्ज, म्हणजे क्लायंटशी झालेल्या बोलण्याच्या लेखी नोंदी, वाचणार आणि सेमिस्टरच्या शेवटी फॉर्म भरणार. इथे मास्टर्सला किमान ९०० तास फिल्ड करावंच लागतं, बॅचलर्सला ४००, ते केल्याशिवाय डिग्री नाही. आणि ते बहुतेक ठिकाणी बिनपगारी. त्यामुळे फिल्ड इन्स्ट्रक्टर नावाच्या, स्कूलच्या पगारावरही नसलेल्या माणसाच्या हातात केवढं असतं हे बाहेरच्याला कळत नाही. वर्गातला प्राध्यापक फार तर बी मायनस देईल. आमच्या एका आकड्यानं मुलीचं वर्ष अडकतं.

तर ती मीटिंग. एका आईची केस होती, मुलांना काही दिवस नातेवाइकांकडे हलवायचं का यावर बरीच चर्चा चाललेली. सात-आठ जण टेबलाभोवती, प्रत्येकाचं मत, कोणी रिस्क म्हणतंय, कोणी प्रोटेक्टिव्ह फॅक्टर म्हणतंय, आणि ही मुलगी, जी रात्री नर्सिंग होममधे शिफ्ट करून सकाळी बसनं आमच्याकडे यायची, ती म्हणाली, “पण हे तिला कोणी विचारलंय का?” बस. एवढंच. खोलीत शांतता झाली, आमच्या प्रोग्रॅम मॅनेजरनं पेन खाली ठेवलं, आणि मी लॅपटॉपकडे बघायला लागले. विचारलेलं नव्हतं कोणीच.

नंतर सुपरव्हिजनमधे मी तिला समजावलं. खूप प्रेमानं समजावलं, हे मुद्दाम सांगते. तुझा मुद्दा बरोबर होता, पण मांडायची एक पद्धत असते वगैरे. ती ओके म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं माझा सल्ला लिहून घेतेय.

पाचपैकी दोन दिले की त्या स्कूलच्या नियमानुसार आपोआप मीटिंग लागायची: विद्यार्थिनी, फॅकल्टी लिएझन (स्कूल आणि एजन्सी यांच्यातला दुवा), फिल्ड डायरेक्टर आणि मी. मग सुधारणा योजना, तिच्यावर सह्या. तिच्या बाजूनं त्या खोलीत कोणी नव्हतं. मी होते खरं तर. माझ्याच भरवशावर तिला तिथे पाठवलं होतं ना, की फिल्ड इन्स्ट्रक्टर पण वुमन ऑफ कलर आहे, समजून घेईल.

हे फॉर्म पुन्हा डोळ्यांसमोर आले काही वर्षांनी. तोपर्यंत मी त्याच स्कूलमधे शिकवायला लागले होते, पार्टटाइम. २०२० च्या मे महिन्यात मिनिआपोलिसमधे जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत देशातल्या झाडून सगळ्या संस्थांनी निवेदनं काढली. आमच्या स्कूलनंही काढलं. चार आठवडे लागले त्या निवेदनाला. ‘उभे आहोत’ म्हणायचं की ‘कटिबद्ध आहोत’ यावर जे मेल्स झाले ते छापले तर एक दिवाळी अंक निघेल. जून २०२१ मधे व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे एनएएसडब्ल्यूनं, सोशल वर्कनं केलेल्या वंशवादी गोष्टींबद्दल जाहीर माफी मागितली. आणि स्कूल्सना मान्यता देणाऱ्या सीएसडब्ल्यूईनं २०२२ च्या नव्या निकषांत नऊ कॉम्पिटन्सीजपैकी एकीच्या नावातच अँटी-रेसिझम हा शब्द घातला. आधीच्या, २०१५ च्या निकषांत तिथे डायव्हर्सिटी अँड डिफरन्स असं होतं. फरक लहान वाटतो, पण बघा, डायव्हर्सिटी म्हणजे वर्गात वेगवेगळी माणसं आहेत, छान आहे. रेसिझम म्हटलं की कोणीतरी काहीतरी करतंय. क्रियापद आलं की कर्ता शोधावा लागतो, आणि तिथून पुढे सगळ्यांच्या खुर्च्या वाजायला लागतात.

मान्यतेचा प्रश्न आला की कमिटी होतेच. मला घेतलं. का घेतलं ते सांगायला नको.

पहिलं काम माझ्याकडे आलं ते व्यवसायाच्या इतिहासाचं युनिट. मी स्वतः हा इतिहास जसा शिकले तसाच दोन वर्षं शिकवत होते: १८८९, शिकागो, हल हाउस (गरीब वस्तीतलं सेवाकेंद्र), ते काढणारी जेन ॲडम्स, टाळ्या. मग गरिबांच्या घरी जाणाऱ्या चॅरिटीवाल्यांच्या फ्रेंडली व्हिजिटर्स, मग केसवर्क, मग न्यू डील, म्हणजे १९३० च्या मंदीतल्या सरकारी मदतयोजना. त्याच शिकागोत, जमावानं माणसं मारण्याविरुद्ध म्हणजे लिंचिंगविरुद्ध लढणारी ब्लॅक पत्रकार आयडा बी. वेल्स राहत होती हे माझ्या स्लाइड्समधे कुठेच नव्हतं. १९०१ साली ॲडम्सनं लिंचिंगच्या विरोधात लेख लिहिला, त्या काळी ते धाडसच होतं, पण ज्यांना मारलं त्या काळ्या पुरुषांवरचे बलात्काराचे आरोप खरेच असतील असं धरून चालून तिनं सगळा युक्तिवाद केला. त्याच वर्षी वेल्सनं उत्तर दिलं. आदरानं दिलं, पण आकडे टाकून दिलं: वर्तमानपत्रांनीच छापलेल्या नोंदी काढून दाखवल्या की मारल्या गेलेल्या बहुतेकांवर मुळात तो आरोपच नव्हता. म्हणजे आपल्या व्यवसायाची आद्य देवी, जिला पुढे नोबेल मिळालं, ती चांगल्या हेतूनं, चांगल्या बाजूनं बोलत असतानाच समोरच्याबद्दल ऐकलेलं खरं मानून बसली होती. तिला कोणी विचारलं का पण, याच जातीचा प्रश्न वेल्सनं विचारला होता. मला ते वाचताना आमची मीटिंग आठवली नाही, असं नाही.

ई. फ्रँकलिन फ्रेझियरचं तर मला नावही माहीत नव्हतं. म्हणजे समाजशास्त्रज्ञ म्हणून माहीत होतं, सोशल वर्कवाला म्हणून नाही. अटलांटा स्कूल ऑफ सोशल वर्क १९२० मधे सुरू झालं, काळ्या विद्यार्थ्यांना सोशल वर्कचं व्यावसायिक शिक्षण देणारं, आणि १९२२ पासून हा त्याचा डायरेक्टर. १९२७ मधे त्यानं एक लेख छापला की वंशद्वेष हा वेडेपणासारखाच एक आजार आहे, लक्षणं अमुक अमुक. काळ्यांच्या ‘पॅथॉलॉजी’वर लिहिणाऱ्यांची रांग लागलेली असताना यानं गोऱ्यांनाच कॉटवर झोपवून तपासलं. धमक्या आल्या, अटलांटा सोडावं लागलं. पुढे १९४८ मधे समाजशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचा तो पहिला ब्लॅक अध्यक्ष झाला. आमच्या शाखेनं त्याला तिकडे जाऊ दिलं आणि विसरून गेली.

आणि १९४२. जपानी वंशाच्या साधारण १,२०,००० लोकांना छावण्यांत हलवलं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण त्या कुटुंबांची नोंदणी करायला, त्यांच्याशी बोलायला, त्यांच्या अडचणी लिहून घ्यायला टेबलामागे सोशल वर्कर्स बसलेले होते, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, म्हणजे इनटेक केलं त्यांनी. हो. इनटेकच केलं. कुटुंबाला नंबर दिला. आजारी म्हातारी आहे का, तान्हं बाळ आहे का, हे विचारलं. बहुधा हसून, नम्रपणे, टोन अगदी व्यवस्थित ठेवून. १९५८ ते १९६७ मधे इंडियन अडॉप्शन प्रोजेक्टमधे अमेरिकेतल्या मूळ आदिवासींची ३९५ मुलं बहुतेक गोऱ्या घरांत दिली गेली, तेही असंच, बालकल्याणवाल्यांनी, मुलांचं भलं होईल म्हणून. त्याची माफी यायला २००१ उजाडलं.

हे युनिट बदलणं सोपं गेलं, खरं सांगते. वाचनं बदलायला कोणाचंच काही जात नाही. उलट सगळे खूश, मान्यतेच्या रिपोर्टमधे दाखवायला मस्त. एक सिनियर प्रोफेसर तर म्हणाले की आता आपला सिलॅबस अँटी-रेसिस्ट झाला. म्हणजे भिंत ओलीच आहे, पण रंग चांगला लागलाय.

मग फिल्ड कमिटीतून एक साधी कल्पना आली, एका फिल्ड लिएझनची, जी मीटिंगमधे फारशी बोलायची नाही. ती म्हणाली, गेल्या पाच-सहा वर्षांचे इव्हॅल्युएशन फॉर्म काढूया आणि नावं झाकून नुसते शेरे वाचूया. प्रत्येक फिल्ड इन्स्ट्रक्टरनं आपापले काढायचे. तसे मी माझे काढले. नावं झाकूनही मला कोण कोण ते माहीत होतंच ना.

शेऱ्यांमधे काय काय होतं! ‘ॲग्रेसिव्ह वाटू शकते.’ ‘आत्मविश्वास जरा जास्त.’ ‘केसांची ठेवण ऑफिसला साजेशी नाही’, हे खरंच होतं एकावर. ‘उच्चार सुधारल्यास क्लायंटला सोपं जाईल.’ आणि यातल्या प्रत्येकाला आधार होता, कारण २०१५ च्या निकषांतच लिहिलेलं होतं की विद्यार्थ्यानं वागण्यात, दिसण्यात, बोलण्यात प्रोफेशनल डिमीनर दाखवायला हवं. आमच्या फॉर्मवर तो चौदावा प्रश्न. डिमीनर म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, प्रत्येकानं आपापल्या घरून आणलेलं होतं.

मी कुठून आणलं होतं ते मला लगेच कळलं, कमिटीत नाही सांगितलं पण इथे सांगते. आमच्या शाळेत एक मुलगी ‘आनी’, ‘पानी’ म्हणायची. बाई तिला उभं करून वीस वेळा ‘आणि, पाणी’ म्हणायला लावायच्या आणि आम्ही हसायचो. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना तिचं भलंच करायचं होतं. शुद्ध बोलणं म्हणजे आमच्या घरातलं बोलणं, हे मला तेव्हा कधी वेगळं शिकवावंच लागलं नाही, ते हवेत होतं. सीएसडब्ल्यूईच्या भाषेत याला इम्प्लिसिट करिक्युलम म्हणतात, म्हणजे जे तासाला शिकवत नाहीत पण मुलं शिकूनच बाहेर पडतात ते. मी वीस-बावीस वर्षांनी विमानात बसून आले, इथे माझ्या स्वतःच्या पहिल्या प्लेसमेंटवर शेरा मिळाला की डोळ्यांत बघून बोलत नाही, तेव्हा मला प्रचंड लागलं होतं, आईला फोन करून रडले होते. आणि तरी फॉर्म माझ्या हातात आल्यावर मी बाईच झाले. मुंबईत १९३६ मधे जे पहिलं स्कूल निघालं, आजचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), त्याचे पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मिशनरी होते, शिकागोत शिकलेले, म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र इथूनच आलं. पण हे, शुद्ध-अशुद्धाचं, मला वाटतं आपल्याला बाहेरून मागवायची गरज नव्हती.

चौदाव्या प्रश्नावर सहा मीटिंगा झाल्या. इतिहासाच्या अख्ख्या युनिटवर एक.

कारण इथे प्रत्येकाचं काहीतरी जात होतं. एजन्सीवाले म्हणाले की आम्ही फुकटात सुपरव्हिजन देतो, वर आमच्यावरच संशय? हे अगदीच खोटं नाही, प्लेसमेंट मिळवताना स्कूल्सना एजन्सीच्या पाया पडावं लागतं. एक प्राध्यापिका म्हणाल्या की प्रोफेशनलिझम काढून टाकलं तर उरलं काय, क्लायंटला धोका होईल. दुसरे म्हणाले दर्जा खाली येईल. दर्जा! हा शब्द ऐकला की माझे कान आपोआप टवकारतात, राखीव जागांवरच्या किती गप्पांमधे लहानपणापासून ऐकलाय, गप्पा मारणारे माझेच काका. कोणी वाईट माणूस नव्हतं त्या खोलीत. हीच तर पंचाईत असते, वाईट माणूस असता तर त्याला काढून टाकलं असतं आणि काम झालं असतं.

शेवटी जे ठरलं ते इतकं रुक्ष आहे की वाचताना झोप येईल. डिमीनर शब्द गेला. टोन, ॲटिट्यूड, दिसणं यावर शेरा लिहायचा असेल तर तारीख, प्रसंग, विद्यार्थी नेमकं काय बोलला ते शब्द, आणि त्यानं क्लायंटचं काय नुकसान झालं, हे चारही भरायचे. एक जरी रिकामं राहिलं तर ऑनलाइन फॉर्म पुढेच जात नाही. विद्यार्थ्याचं म्हणणं आधी भरलं जाईल, आमचं नंतर. तीनच्या खालचा कुठलाही आकडा दुसरी व्यक्ती नाव न बघता वाचेल. आणि सुधारणेच्या मीटिंगला विद्यार्थी आपलं माणूस आणू शकेल. याशिवाय जे विद्यार्थी आधीच एखाद्या एजन्सीत नोकरी करतात त्यांना तिथेच, पगारासकट, फिल्डचे तास धरायचा रस्ता जरा रुंद केला. ९०० तास बिनपगारी काम कोणाला परवडतं हा प्रश्न कुठल्याच निवेदनात नव्हता, आणि रात्रपाळी करून बसनं येणाऱ्या मुलीचे सोमवारचे लेट मार्क मात्र माझ्या फॉर्ममधे होते. तेही मीच लिहिले होते, हे वर सांगायचं राहिलं.

मी त्या नव्या फॉर्ममधे माझी जुनी केस भरून बघितली, एका रविवारी, एकटीच. तारीख आठवली. प्रसंग आठवला. नेमके शब्द, तेही आठवले. चौथ्या चौकटीत, क्लायंटचं नुकसान काय झालं, तिथे कर्सर लुकलुकत राहिला. त्या आईला दुसऱ्याच दिवशी विचारलं गेलं होतं. तिची बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची आणि यायला तयार होती.

मी तिला मेल केला, त्या विद्यार्थिनीला. चारदा लिहिला, चारही वेळा माझंच दुःख त्यात जास्त येत होतं, शेवटी सहा ओळींचा पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन वाक्यांचं. मेल मिळाला. त्या दिवशी वहीत तुमचं वाक्य तारीख घालून लिहून ठेवलं होतं, वही अजून आहे. एवढंच. पुन्हा लिहायला मला तोंड नव्हतं आणि तिनं बोलावलंही नव्हतं.

यात कोणी असं समजू नये की फॉर्म बदलला आणि झालं. ऑगस्ट २०२२ मधे लायसन्सची परीक्षा घेणाऱ्या एएसडब्ल्यूबीनं पहिल्यांदाच वंशवार निकाल जाहीर केले, बरीच वर्षं लोक मागत होते. क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास होणारे गोरे साधारण ८४ टक्के, ब्लॅक ४५ टक्के. ही सगळी मुलं मास्टर्स पास झालेली, फिल्ड केलेली, आम्हीच सर्टिफिकेट दिलेली. आमच्या फॅकल्टी मीटिंगमधे तो आकडा स्क्रीनवर आला तेव्हा पहिला प्रश्न आला की या मुलांसाठी एक्स्ट्रा कोचिंग ठेवायचं का. परीक्षेत काय विचारतात, ते कोण ठरवतं, हा प्रश्न यायला अजून तीन महिने गेले. इलिनॉयनं सुरुवातीच्या लायसन्ससाठी २०२२ पासून परीक्षाच काढून टाकली. आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे. चर्चेचं एक बरं असतं, ती कधीही चालू ठेवता येते.

आणि हे सगळं आधी कुठे होऊन मोडलेलंही आहे. ब्रिटनमधे १९८९ मधे तिथल्या सोशल वर्क प्रशिक्षण मंडळानं पेपर ३० नावाची नियमावली काढली, डिप्लोमाला पास व्हायचं तर रेसिझम ओळखता आणि त्याला विरोध करता आला पाहिजे अशी. तिच्या एका परिशिष्टात चक्क लिहिलं होतं की ब्रिटिश समाजाच्या रचनेतच वंशवाद मुरलेला आहे. झालं. वर्तमानपत्रं तुटून पडली, पोलिटिकल करेक्टनेसचा कारखाना वगैरे, मंत्र्यांनी सुनावलं, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते परिशिष्ट गायब, नियमावली मवाळ. मी ही गोष्ट वाचली तेव्हा आमच्या निवेदनाची अजून फ्रेम करून लावायची चर्चा चालली होती.

मग आमच्याकडेही वारं फिरलं. टेक्सासमधे जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली डीईआय (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन) ऑफिसेस कायद्यानं बंद झाली, एप्रिल २०२५ मधे वॉशिंग्टनहून मान्यता देणाऱ्या संस्थांवरच आदेश निघाला. आमचं राज्य कुठलं ते सांगत नाही, पण त्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या लीगल ऑफिसकडून मेल आला, सोबत शब्दांची यादी. यादीतले शब्द वेबसाइटवर, कोर्सच्या नावात, सिलॅबसमधे कुठे कुठे आहेत ते शोधून कळवा. आयटीच्या एका मुलानं सर्च लावला आणि एका दुपारीत काम उरकलं. चार आठवडे लिहिलेलं निवेदन गेलं. कोर्सचं नाव बदललं, आता त्यात ‘सर्व समुदाय’ आहेत. माझं इतिहासाचं युनिट वाचलं, कारण वेल्स आणि फ्रेझियर ही नावं यादीत नव्हती.

सिनियर प्रोफेसर फार हळहळले. फिल्डवाली लिएझन, तीच, कमी बोलणारी, मीटिंग संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, चौदावा प्रश्न बघितलास का.

मी जाऊन बघितला. तारीख, प्रसंग, नेमके शब्द, नुकसान. चारही चौकटी जागेवर, भरल्याशिवाय पुढे जात नाही. यादीतला एकही शब्द त्यात नाहीये.

या सेमिस्टरला माझ्याकडे दोन विद्यार्थी आहेत. एक जण परवा मीटिंगमधे मधेच बोलला, चांगलं जोरात बोलला, आणि मला आतून तेच वाटलं जे तेव्हा वाटलं होतं, गेलेलं नाहीये ते. संध्याकाळी फॉर्म उघडला. चौथ्या चौकटीपर्यंत आले, आणि बंद केला.